लेखकाची मुलाखत आणि भाऊसाहेबांची बखर

माझ्या पहिल्या प्रोग्रेस सेमिनारची गोष्ट. आठवी स्लाइड. वर डॉ. जयंत नारळीकरांचा फोटो, खाली मजकूर: १९७४, मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानकथा स्पर्धा, पहिला क्रमांक 'कृष्णविवर', लेखक नारायण विनायक जगताप. इथे मी थोडी थांबले आणि आदल्या रात्री आरशासमोर घोकलेलं वाक्य टाकलं, की हे जगताप म्हणजे दुसरे कुणी नसून स्वतः नारळीकर! मागे बसलेले एमएस्सीचे विद्यार्थी खूश झाले. कमिटीतले एक सर मात्र चष्मा पुसत होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "हे कशावरून?"

"सर, नारळीकरांनी स्वतःच सांगितलंय."

"कधी?"

मी स्लाइडच्या तळाशी बघितलं. तिथे एका मुलाखतीचा संदर्भ होता, घटनेनंतर कितीतरी वर्षांनी दिलेल्या.

"मग हे तुमचं साधन १९७४ चं, की मुलाखतीच्या वर्षाचं?"

मला उत्तर देता आलं नाही. खरं सांगायचं तर प्रश्नच नीट कळला नाही. लेखक जिवंत आहे, तो स्वतःच्या तोंडाने सांगतोय, त्याच्यापेक्षा जास्त कुणाला माहीत असणार? संध्याकाळी गाईड मॅडमना म्हटलं, सरांनी उगाच अडवलं. त्या म्हणाल्या, "तू फिजिक्सची ना? प्रयोगशाळेत रीडिंग घेऊन दोन दिवसांनी आठवणीने वहीत लिहायचीस का?"

हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. तुमच्यापैकी जे आत्ता सिनॉप्सिस लिहिताहेत, त्यातही ज्यांचा विषय हयात किंवा नुकत्याच गेलेल्या लेखकांबद्दल आहे, त्यांना तो आज ना उद्या विचारला जाणार आहे.

आधी ती गोष्ट पुरती सांगते, कारण ती चांगलीच आहे. नारळीकर १९७२ मध्ये केंब्रिजहून परतले आणि मुंबईत टीआयएफआरमध्ये रुजू झाले. त्याआधी फ्रेड हॉइल यांच्याबरोबर मांडलेल्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतामुळे त्यांचं नाव भारतभर झालं होतं. १९६५ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्यांना पद्मभूषण मिळालं होतं. खुद्द हॉइल हे बडे शास्त्रज्ञ असून विज्ञानकादंबऱ्या लिहीत. त्यांची 'द ब्लॅक क्लाउड' १९५७ ची, म्हणजे नारळीकर केंब्रिजला पोहोचले त्याच वर्षाची. शास्त्रज्ञाने कथा लिहिणं हे गुरूच्या घरी चालत आलेलं काम होतं म्हणा ना.

नारळीकर सांगत ते असं: एका परिषदेत कंटाळवाणं भाषण चालू होतं, आणि समोरच्या कागदावर त्यांनी कथा लिहायला घेतली. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ती पाठवायचं ठरलं तेव्हा अडचण आली नावाची. जयंत विष्णू नारळीकर हे नाव बघून परीक्षक कथा वाचणार की कीर्ती? म्हणून त्यांनी आद्याक्षरं उलटी केली. ज. वि. ना. चं ना. वि. ज. झालं, आणि त्यातून नारायण विनायक जगताप जन्माला आले. पण आयोजकांना त्यांचं अक्षर ओळखीचं होतं. मग मंगलाताई नारळीकरांनी ती कथा आपल्या अक्षरात उतरवून काढली. जगतापांना पहिला क्रमांक मिळाला.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट का आवडते ते उघड आहे. हा चक्क ब्लाइंड टेस्ट आहे. निकालावर परिणाम करू शकणारे दोन घटक, नाव आणि हस्ताक्षर, लेखकाने आपणहून काढून टाकले. आम्ही रिसर्च पेपर पाठवतो तेव्हा नाव झाकूनसुद्धा संदर्भसूचीवरून गाईड कोण ते ओळखू येतं, तिथे हा माणूस अक्षरसुद्धा बदलतो!

पण आवडली म्हणून गोष्ट पुरावा होत नाही. उलट इतकी गोळीबंद गोष्ट दिसली की सावध व्हायचं, हे मी आता शिकलेय. कंटाळवाणं भाषण, टोपणनाव, आणि शेवटी पहिलं बक्षीस. सुरुवात, मध्य, शेवट सगळं जागच्या जागी. वर्षानुवर्षं सांगून सांगून आठवणीला असा आकार येतो. सांगणारा खोटं बोलत नसतो. फक्त जे सांगायला सोयीचं नसतं ते हळूहळू गळून जातं.

इथे मला वि. का. राजवाडे भेटले. फिजिक्सवालीला राजवाडे भेटणं म्हणजे काय, हे इतिहासवाल्यांना कळणार नाही, पण असो. १८९८ मध्ये त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला. त्यात १७५० ते १७६१ या काळातली, म्हणजे पानिपतापर्यंतची, अस्सल पत्रं आहेत आणि प्रस्तावनेत बखरींची झाडाझडती आहे. ढोबळ मानाने मुद्दा असा: पत्र घडत्या घटनेच्या आत बसून लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्याला पुढे काय होणार ते माहीत नसतं. बखर मागाहून लिहिली जाते. बखरकाराला शेवट ठाऊक असतो, आणि त्या शेवटाकडे जाणारी वाट तो आखत जातो. त्यात स्थळं चुकतात, काळ सरकतो, आकडे फुगतात, आणि माणसांच्या तोंडी त्यांनी न बोललेली भाषणं येतात.

हे वाचताना माझ्या डोक्यात पहिल्यांदा प्रकाश पडला. लेखकाची मुलाखत ही त्याच्या कथेची बखरच असते. आत्मचरित्रही तसंच. नारळीकरांचं 'चार नगरांतले माझे विश्व' २०१२ चं. म्हणजे जगताप प्रकरण आणि ते पुस्तक यांच्यात ३८ वर्षांचं अंतर. ते लिहिणारा माणूस १९७४ चा स्पर्धक उरलेला नाही. मधल्या काळात तो मराठी विज्ञानकथेचं सर्वांत ठळक नाव झालाय, त्याने पुण्यात आयुका उभी केलीय. पहिल्या कथेकडे तो या सगळ्याच्या अलीकडच्या टोकावरून बघतोय.

मग बखर टाकून द्यायची का? गंमत अशी, की या प्रश्नाचं मला पटलेलं उत्तर नारळीकरांच्याच एका कथेत आहे.

'गंगाधरपंतांचे पानिपत' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचलेली असेल, कदाचित मराठीत नाही. एनसीईआरटीच्या अकरावीच्या 'हॉर्नबिल' या इंग्रजी पाठ्यपुस्तकात 'द अॅडव्हेंचर' नावाने आहे ती हीच. (तिथली आवृत्ती संक्षिप्त आहे. प्रबंधात तिचा आधार घेणार असाल तर तसं स्पष्ट लिहा. मी एकदा लिहिलं नव्हतं.) प्रा. गंगाधरपंत गायतोंडे हे पुण्याचे इतिहासकार. ट्रकची धडक बसते, आणि ते अशा जगात जाऊन पोहोचतात जिथे पानिपत मराठ्यांनी जिंकलंय आणि मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीचा अंमल अजून चालू आहे. खरा इतिहासकार ते लगेच करेल तेच ते करतात. टाउन हॉलमधल्या ग्रंथालयात जाऊन बसतात आणि इतिहास नेमका कुठे फुटला ते शोधतात. आपल्या जगात १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांना गोळी लागली. त्या जगात ती कानाजवळून निघून गेली. हे त्यांना कुठे सापडतं? भाऊसाहेबांच्या बखरीत.

आणि इथे नारळीकर एक बारीकशी गोष्ट सांगून जातात, जी अकरावीत माझ्या नजरेतून पार निसटली होती. गंगाधरपंत एरवी पुराव्यासाठी बखरींवर विसंबत नाहीत. त्यांना त्या करमणूक म्हणून आवडतात. पण रंगवून लिहिलेल्या त्या मजकुरात कधीकधी सत्याचा एखादा दाणा सापडतो, हे त्यांना माहीत आहे.

पुढचं आणखी महत्त्वाचं. आपल्या जगात परतल्यावर गंगाधरपंत सगळी हकिगत राजेंद्र देशपांडे या शास्त्रज्ञ मित्राला सांगतात. राजेंद्रला आधी वाटतं, अपघाताआधी हे पानिपताचाच विचार करत होते, बाकी सगळे मनाचे खेळ. साक्षीदार प्रामाणिक आहे, विद्वान आहे, मित्र आहे, तरी त्याच्या नुसत्या सांगण्याने काही सिद्ध होत नाही. मग गंगाधरपंत खिशातून कागद काढतात. त्या जगातलं पुस्तक आझाद मैदानावरच्या गोंधळात हरवलंय, पण बखरीचं एक फाटकं पान सोबत आलंय. ते आपल्याकडच्या छापील प्रतीशी ताडून बघितल्यावर राजेंद्रचा चेहरा बदलतो.

माझ्या सेमिनारमध्ये त्या सरांनी मागितलं होतं ते हेच फाटकं पान.

तेव्हापासून कोणतीही मुलाखत हातात आली की मी एकच काम करते. त्यातली कोणती गोष्ट फक्त लेखकाच्या डोक्यात होती, आणि कोणती गोष्ट दुसऱ्या कुणाच्या हाती किंवा कागदावर उमटली असणार, हे वेगळं काढते. जगताप प्रकरणाला हे लावून बघा. कंटाळवाणं भाषण फक्त नारळीकरांच्या डोक्यात. बिचाऱ्या वक्त्याला तर ते माहीत असण्याची शक्यताच नाही! ते आपण 'लेखक सांगतो' असं म्हणून लिहायचं आणि पुढे जायचं. नाव लपवण्यामागचा हेतूही डोक्यातला. पण नारायण विनायक जगताप हे नाव स्पर्धेच्या पाकिटावर होतं, परीक्षकांसमोर होतं, निकालात होतं. ती गोष्ट नारळीकरांच्या आठवणीवर अवलंबून नाही, तिचं स्वतःचं कागदी आयुष्य आहे. प्रबंधात या दोन गोष्टी एकाच वाक्यात, एकाच क्रियापदाने लिहिता येत नाहीत. मी तसंच केलं होतं.

राजवाड्यांच्या अर्थाने 'पत्र' हवं असेल तर मराठी कथेत सगळ्यांत मोठं उदाहरण जी. ए. कुलकर्णींचं. माणूस लोकांपासून दूर राहणारा, व्यासपीठं टाळणारा. पण पत्रं मात्र भरभरून लिहिली. त्यांच्या मृत्यूनंतर 'जी. एंची निवडक पत्रे' खंडांमधून आली, त्यातला पहिला खंड सुनीता देशपांडे यांना लिहिलेल्या पत्रांचा. ती पत्रं लिहिताना ती कथा पुढे किती गाजणार हे जीएंना माहीत नव्हतं, म्हणून ती मोलाची. अर्थात पत्रालाही मायना असतो. सुनीताबाईंना लिहिणारे जीए आणि प्रकाशकाला लिहिणारे जीए एकाच सुरात बोलतील असं नाही. पण निदान तारीख घटनेजवळची असते.

इथपर्यंत घटनांचं झालं. जास्त अवघड प्रश्न पुढे येतो: लेखक आपल्या कथेचा अर्थ सांगतो, तिचा हेतू सांगतो, तेव्हा काय करायचं?

नारळीकरांची भूमिका पक्की होती आणि त्यांनी ती वारंवार मांडली. विज्ञानकथेत विज्ञान हा कणा हवा, दागिना नको. यानं आणि परग्रहवासी आणून बसवले म्हणजे विज्ञानकथा होत नाही. विज्ञान काढून घेतलं तर कथा कोसळली पाहिजे. ही कसोटी आम्ही विज्ञानवाले लगेच उचलतो, कारण ती तपासता येते. माझ्या पहिल्या मसुद्यात मी त्यांच्याच कथा त्यांच्याच कसोटीवर घासून 'उत्तीर्ण' असे शेरे मारत सुटले होते.

'कृष्णविवर' बघा. 'ब्लॅक होल' हा शब्द जॉन व्हीलर यांनी रूढ केला तो १९६० च्या दशकाच्या अखेरीस. सिग्नस एक्स-१ हे कृष्णविवर असावं अशी चर्चा १९७१-७२ मधली. हॉकिंग यांचा कृष्णविवरातून होणाऱ्या प्रारणाबद्दलचा 'नेचर'मधला निबंध खुद्द १९७४ चा. म्हणजे जगात ज्या विषयावर त्याच वर्षी वाद चालू होता, तो मराठी कथास्पर्धेच्या पाकिटात आला होता. कृष्णविवर काढलं तर कथेचं नावसुद्धा उरत नाही. उत्तीर्ण.

'उजव्या सोंडेचा गणपती' तर माझी लाडकी. तिच्या मुळाशी आहे मोबियसची पट्टी. कागदाची लांब पट्टी घ्या, एका टोकाला अर्धा पीळ द्या, टोकं चिकटवा. पट्टी पारदर्शक प्लास्टिकची असेल तर आणखी बरं. तिच्यावर डाव्या हाताचा आकार काढा आणि तोच पट्टीवरून सरकवत एक पूर्ण फेरी मारून आणला अशी कल्पना करा. परत येईल तो उजवा होऊन. पृष्ठभागावर जे आकृतीचं होतं ते अवकाशात माणसाचं झालं तर? उजव्या हाताचा खेळाडू डावखुरा होऊन परत येतो, आणि डाव्या सोंडेच्या गणपतीची सोंड उजवीकडे वळते. आपल्याकडे उजव्या सोंडेच्या गणपतीचा केवढा दबदबा असतो ते सांगायला नको. तो दबदबा उचलून नारळीकरांनी एका भौमितिक गुणधर्माच्या खुंटीला टांगला. हीसुद्धा उत्तीर्ण, तीही विशेष प्रावीण्यासह.

गंगाधरपंतांपाशी मात्र माझी गाडी अडली. त्या कथेतलं विज्ञान शेवटी, राजेंद्रच्या तोंडून येतं. एक, कॅटॅस्ट्रोफी थिअरी: लहानशा बदलाने एखाद्या व्यवस्थेचं वर्तन एकदम वेगळ्या दिशेला उडी घेऊ शकतं. दोन, क्वांटम सिद्धांतातली अनिश्चितता, आणि त्यातून निघणाऱ्या एकापेक्षा जास्त जगांची शक्यता. यातली कॅटॅस्ट्रोफी थिअरी रेने थॉम यांची. १९७० च्या दशकात तिचा प्रचंड बोलबाला होता, जहाजापासून शेअर बाजारापर्यंत सगळीकडे ती लावली जात होती. त्या दशकाच्या अखेरीस गणितज्ञांकडूनच तिच्या अशा सैल वापरावर सडकून टीका झाली, आणि आज बाहेरच्या जगात तिचं नाव क्वचित निघतं. मी एमएस्सी पूर्ण केलं, मला ती कुणी शिकवली नाही.

आता कसोटी लावा. कॅटॅस्ट्रोफी थिअरी काढून टाका. क्वांटमही थोडा वेळ बाजूला ठेवा. कथा कोसळते का? माझ्या मते नाही. ग्रंथालयात बसून आपलाच ग्रंथ उघडणारा इतिहासकार उरतो. कानाजवळून गेलेली गोळी उरते. खिशातलं पान उरतं. पानिपत म्हटलं की मराठी माणसाच्या पोटात जे कालवतं, ते तर उरतंच. कथेतलं सगळ्यांत लवकर जुनं झालं ते तिचं स्पष्टीकरण, आणि ताजं राहिलं ते पुराव्याबद्दलचं नाट्य. लेखकाच्या स्वतःच्या व्याख्येत ही कथा जेमतेम बसते, आणि माझ्या मते ती त्यांची सर्वोत्तम कथा आहे.

हे मी मसुद्यात लिहिलं तेव्हा मॅडमनी समासात एवढंच लिहिलं: "मग व्याख्या चुकीची की कथा?" मला वाटतं दोन्ही नाहीत. स्वतःची कथा कशी लिहिली, कुठे पाठवली, कुणी उतरवून दिली, याबद्दल लेखक हा उत्तम साक्षीदार असतो, फक्त तारखेचं भान ठेवायचं. पण ती कथा काय आहे, याबद्दल तो एक वाचक असतो. फार जवळचा वाचक, पण एकच. विज्ञानप्रसाराच्या तळमळीने आयुष्यभर काम केलेल्या माणसाने आपल्या कथांमध्ये विज्ञानच आधी बघावं हे साहजिक आहे. त्यांची व्याख्या मी आता त्यांच्या कार्याच्या इतिहासात मांडते. कथांना मार्क द्यायला वापरत नाही.

एक गोष्ट राहिली, ती सांगायला मला फारसं आवडत नाही.

सेमिनारनंतर मॅडमनी सुचवलं होतं, की पत्र लिहून नारळीकरांनाच नेमके प्रश्न विचार. मी यादी केली. कथेची मूळ प्रत जपून ठेवली आहे का? जगतापांना आलेलं पत्र कुठल्या पत्त्यावर आलं? खरं नाव आयोजकांना कधी कळलं? अकरा प्रश्न झाले. मग वाटलं, आधी वाचन पूर्ण करावं, अर्धवट तयारीने एवढ्या मोठ्या माणसाला त्रास देऊ नये. मग कोर्सवर्कची परीक्षा आली, मग एका परिषदेचा निबंध. २० मे २०२५ च्या सकाळी मोबाइलवर बातमी वाचली तेव्हा ती यादी टेबलाच्या खणातच होती.

त्याहून जास्त टोचतं ते वेगळंच. यादी पुन्हा वाचताना लक्षात आलं, की अकराच्या अकरा प्रश्न जयंतरावांसाठी होते. ज्या हातांनी ती कथा कागदावर उतरली त्या मंगलाताईंसाठी माझ्याकडे एकही प्रश्न नव्हता, त्या असत्या तरी. त्या स्वतः गणितज्ञ, मराठीत गणितावर लिहिणाऱ्या, आणि या सगळ्या प्रकरणातल्या एकमेव दुसऱ्या साक्षीदार. उतरवताना त्यांनी एखादं वाक्य बदललं का? एखादा शब्द सुचवला का? 'हे कुणाला कळणार नाही' असं म्हणाल्या का? त्या १७ जुलै २०२३ रोजी गेल्या, माझ्या सेमिनारच्याही आधी. माझ्या स्लाइडवर त्यांचं नावसुद्धा नव्हतं. 'पत्नीच्या हस्ताक्षरात' एवढंच होतं.

आता ती स्लाइड आठवी नाही, चौथी आहे. फोटो काढून टाकलाय. डावीकडच्या रकान्यात जगताप हे नाव, स्पर्धा, वर्ष, निकाल. उजवीकडे, वेगळ्या रंगात, 'लेखकाच्या नंतरच्या सांगण्यानुसार' या मथळ्याखाली कंटाळवाणं भाषण, नाव लपवण्याचं कारण, आणि कथेची प्रत मंगला नारळीकर यांच्या अक्षरात. पुढच्या महिन्यात पुन्हा प्रेझेंटेशन आहे, आणि ते सर अजून कमिटीत आहेत.